घड्याळातला सेल

"बोल गो बिनधास्त. तिका काय ऐकूक येना नाय, सेल मेलो आसा."

आई हे शेजारच्या सुलूकाकीला म्हणाली तेव्हा माझी आते त्या दोघींपासून दोन हातांवर आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. सुलूकाकी काहीतरी विचारायला म्हणून आली होती आणि आतेकडे बघून अडखळली होती. आईचं ऐकूनही तिने मान पुढे काढून एकदा कानोसा घेतला, आतेच्या ऐकायच्या मशिनीची शीळ येत नाही याची खात्री करून घेतली, आणि मग चहाच्या कपात बघत विचारलं, "हिची बाग इकूक काढतास म्हणतत, खरा काय?" आई म्हणाली, "बेबीच्या कॉलेजचा बघूक नको? आणि ही बाग घेवन काय करतली?" बेबी म्हणजे मी. मी माजघराच्या दारात उभी होते. आतेने खवलेलं खोबरं बोटांनी एका बाजूला सारलं, वर बघितलं, दोघी आपल्याकडेच बघतायत असं दिसल्यावर ती हसली, आणि तिने मान हलवली.

ऐकू न येणाऱ्या माणसाला ही सवय लागते. दर वेळी 'काय?' म्हणून विचारलं की समोरच्याचा चेहरा कंटाळतो, आणि कान गेलेल्या माणसाला चेहरे फार लवकर वाचता येतात. म्हणून आते विचारायचीच नाही. कुणाचं लग्न ठरलं म्हटलं तरी ती हसून मान हलवायची, कुणी गेलं म्हटलं तरी आधी तशीच हलवायची, आणि मग सांगणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून ओशाळायची. पोरं त्याची गंमत करत. "आते, तू म्हातारी झालंस मा?" मान. "आते, तुका वाघान खाल्ल्यान मा?" मान.

ती बाबांची मोठी बहीण. वालावलला दिली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला मोठा ताप आला, तापाने कान नेले, आणि सासरचे लोक तिला 'चार दिवस विश्रांतीला' म्हणून आमच्याकडे सोडून गेले. ते चार दिवस काही संपले नाहीत. आजोबांनी मरणाआधी एक गोष्ट केली होती, तारकर्लीच्या वाटेवरची सतरा माडांची बाग त्यांनी तिच्या नावावर करून दिली होती. "उद्या हिका कोणी ऊठ म्हणूक नये," असं ते म्हणाले होते म्हणे. बागेत एक विहीर होती, तिचा काठ एका बाजूला खचलेला, आणि माडाच्या चुडतांनी शाकारलेली एक खोप. आते रोज सकाळी पेज खाऊन, कोयता पदराआड धरून बागेत जायची आणि उन्हं डोक्यावर आली की परत यायची. पडलेले नारळ, सुकी चुडतं, हिर काढून बांधलेल्या केरसुण्या, असं काहीतरी तिच्या डोक्यावर असायचंच. घरात ती कुणाच्या पायात येणार नाही अशी भिंतीलगत बसायची. बागेत मात्र मोठ्याने बोलायची, माडांशी, खारींशी, स्वतःशीच. मी एकदा तिच्यामागून गेले होते तेव्हा ऐकलं होतं. घरी तिचा आवाज इतका मोकळा कधी नव्हता.

बाबांबद्दल वाईटच लिहायचं असतं तर हे प्रकरण मी कधीच लिहून टाकलं असतं. बाबा हायस्कुलात क्लार्क होते, मोजूनमापून जगणारे, पण कोत्या मनाचे नव्हते. आतेला एस.टी.ने कोल्हापूरला नेऊन, दोन दिवस धर्मशाळेत राहून, तिच्यासाठी ऐकायचं मशीन त्यांनीच आणलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिला एक दातेरी चाक, तिथून निघून कानापर्यंत जाणारी वायर आणि कानात बसवायची गुलाबी गोळी. आतेने पोलक्याच्या आतून एक खिसा शिवला आणि डबी त्यात ठेवली. पहिल्या दिवशी घरात सगळे तिच्याभोवती जमले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की तिने आधी आपला आवाज ऐकावा. ती मात्र दाराकडे बघत राहिली. "ह्यो आवाज कसलो रे?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "दर्याचो." "इतक्या जवळ आसा दर्या?" असं म्हणून ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बाबाही रडले. हे मी पाहिलेलं नाही, आईने सांगितलेलं आहे. पण आईने ते सुलूकाकीच्या देखत सांगितलं होतं, म्हणजे खरं असणार.

मशीन चालू असलं की मधूनच बारीक शीळ घालायचं. गोळी कानात सैल बसली, नाहीतर आतेचा हात वायरीला लागला, की कुकरची शिट्टी दूरवरून ऐकू यावी तसा आवाज. तो सगळ्या घराला ऐकू यायचा, फक्त आतेला नाही. शीळ आली की घरातली माणसं जपून बोलत. दिवसभर शीळ आली नाही की समजायचं, सेल मेला. आणि मग घर मोकळं बोलायचं.

सेल आमच्याकडे स्वस्तातले असायचे. आठवड्याच्या बाजारात खलीलचाचांची एक फळी असे, बॅटऱ्या, कंदिलाच्या वाती, स्टोव्हच्या पिना, आणि कागदी वेष्टनाचे, जहाजाचं चित्र असलेले पेन्सिल सेल. पत्र्याच्या वेष्टनाचे चांगले सेलही त्यांच्याकडे असत, पण ते आमच्या घरी आलेले मला आठवत नाहीत. जहाजवाले सेल नवे असताना ठीक चालत. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत मात्र त्यांच्या बुडाला लवकर पांढरी बुरशी धरायची आणि आतून चिकट पाणी सुटायचं, ते बोटाला लागलं की साबणानेही वास जात नसे. घरात सेलांचा एक क्रम होता, तो कुणी ठरवला ठाऊक नाही. नवे सेल बाबांच्या छोट्या रेडिओत. रेडिओवरच्या बातम्या खरखरायला लागल्या की तेच सेल आतेच्या मशिनीत. तिथे ते थकले की घड्याळात. भिंतीवरच्या घड्याळाला फार थोडं लागतं, ते मेलेल्या सेलावरही महिना काढतं. मधल्या मधल्या टप्प्यांवर सेल तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायचे, पाऊस असला तर चुलीच्या उबेला. उबदार सेल तासभर जिवंत असल्यासारखा वागतो. बाबा तर सेल दाढेखाली धरून दाबायचे, कितीतरी सेलांवर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या. म्हणजे आतेच्या वाट्याला नवा सेल कधीच आला नाही. तिला जग ऐकू यायचं ते रेडिओने वापरून झाल्यावर.

बारावीची परीक्षा देऊन मी त्या वर्षी घरी आले होते. सातव्या वर्षापासून मी बेळगावला मामाकडे, इंग्रजी शाळेत. मालवणी सगळी समजायची, पण बोलायला गेले की शब्द पाहुण्यासारखे यायचे आणि लोक हसायचे. वाडीतल्या बायका मला मुद्दाम बोलायला लावत, "बेबी, बांगड्याक इंग्लिशीत काय म्हणतत गो?" मी गप्प राहायला शिकले. सुलूकाकी एकदा आईला म्हणाली, "गो, तुझ्या चेडवाच्या तोंडातलो पण सेल मेलो की काय? उनात ठेव तिका जरा." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या उन्हाळ्यात सेलांचं काम माझ्याकडे आलं ते यामुळेच, त्या कामात कुणाशी बोलावं लागत नव्हतं. शाळेतल्या प्रयोगाच्या पेटीतला एक बारका बल्ब आणि वायरीचा तुकडा माझ्याकडे होता. दर रविवारी मी पडवीत बसून सेल तपासायचे. बल्ब पिवळा लागला तर जिवंत, नुसती तार लाल झाली तर आजारी, काहीच नाही तर मेलेला. खलीलचाचांनी माझा तो बल्ब बघितला तेव्हा ते खूश झाले होते. "ह्यो माल सस्तो आसा, पण खोटो नाय," ते म्हणाले. "इमानान सांगतंय पोरी, आतेच्या मशिनीक पयलो नवो घाल. रेडिओक मगे." मी मान हलवली. आतेसारखीच.

आतेला माझं हे काम फार आवडायचं. सेल बदलायचा झाला की ती छातीवरच्या डबीवर बोटाने दोनदा टकटक करायची आणि माझ्याकडे बघायची. ही आमची खूण. मग मी तिच्या पोलक्याच्या खिशातून डबी काढायचे, सेल बदलायचे आणि चाक हळूहळू फिरवत तिच्या कानाशी काहीतरी बोलायचे. तिच्याशी मी बोलायचे, कारण ती माझ्या मालवणीला हसत नसे. ऐकू येणं हीच तिला इतकी मोठी गोष्ट होती की कसं ऐकू येतंय याला महत्त्व नव्हतं. मी इंग्रजी कविताही म्हणून दाखवायचे. ती म्हणायची, "बरा वाटता. आजून बोल."

आता माझ्या घरात सेल मरेपर्यंत कुणी थांबत नाही. रिमोटचा, घड्याळाचा, वजनकाट्याचा, जरा मंद वाटला की मी बदलून टाकते. मुलगा म्हणतो, आई, अजून दोन महिने चालला असता. असता, चालला असता.

एका सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून पडवीत आले. मी नुकताच बाजारातून आणलेल्या नव्या सेलांचा कागद सोडत होते. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेबी, आज आतेच्या मशिनीत बरो सेल नको. घड्याळातलो काढून घाल." मी हातातल्या सेलाकडे बघत राहिले. "थंय कचेरीत चार लोक बोलतले, तिका उगाच तरास. मगे मी तिका निवांत सांगतलंय. सांगतलंयच मा." मी 'का' असं विचारलं नाही. का ते मला ठाऊक होतं. सुलूकाकीचं आणि आईचं बोलणं मी ऐकलं होतं, बेळगावच्या फार्मसी कॉलेजचं पत्र माझ्या उशीखाली होतं, आणि मला त्या घरातून, त्या हसणाऱ्या बायकांतून परत बेळगावला जायचं होतं. मी स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, त्यातला सेल काढला. तो घड्याळात दोन महिने होता, बुडाला बुरशी धरली होती. घड्याळ बंद पडलं. बंद घड्याळ भिंतीवर बरं दिसत नाही म्हणून हातातला नवा सेल मी त्यात घातला. तो सगळा वेळ माझे हात अगदी स्थिर होते, हे मला आजही आठवतं. मग जुना सेल पुसला, आतेच्या डबीत घातला आणि चाक फिरवलं. आतेने मला विचारलं, "बरो आसा मा?" मी मान हलवली.

तिला सांगितलं होतं की सातबाऱ्यावर नावाची दुरुस्ती आहे, सही लागेल. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि वाटेत बाग आली तेव्हा मला कोपराने ढोसून म्हणाली, "तो बघ, कोपऱ्यातलो. औंदा भरलो आसा." मी बघितलं. माड खरोखरच भरला होता.

कचेरीत बाकावर बसवलं. घेणारा मुंबईचा होता, पांढऱ्या चपला, हातात चामड्याची बॅग, सारखा रुमालाने मान पुसणारा. तिथले साहेब वयस्क होते, चष्मा नाकावर, आवाज शांत. त्यांनी कागद समोर घेतला आणि आतेला विचारलं, "बाई, हे खरेदीखत तुम्हाला वाचून दाखवलंय? मजकूर समजला?" आते त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. बाबा पुढे झाले. कचेरीत ते शुद्ध बोलत. "ऐकायला जरा कमी येतं साहेब, पण मशीन आहे." साहेबांनी आतेच्या कानातली गोळी पाहिली, वायर पाहिली, ती पोलक्यात गेलेली पाहिली. त्यांनी समोरचा कोरा कागद आणि टाक हातात घेतला होता, बहुतेक प्रश्न लिहून विचारणार होते. त्यांनी तो खाली ठेवला. "असं होय. मग ठीक," ते म्हणाले. मशीन नसतं तर त्यांनी लिहून विचारलं असतं. आते चौथीपर्यंत शिकलेली होती, तिला वाचता येत होतं.

"जमीन राजीखुशीने विकताय ना?"

मान.

"मोबदला मिळाला?"

मान.

"कोणाची जबरदस्ती नाही ना?"

आते हसली आणि तिने मान हलवली. आणि मग माझ्याकडे बघून छातीवरच्या डबीवर बोटाने दोनदा टकटक केली.

माझ्या पर्समध्ये नव्या जोडीतला दुसरा सेल होता. तो मी का घेतला होता हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पर्स मांडीवर होती, तिची चेन अर्धी उघडी होती. बाबांनी आतेला हाताने खूण केली, घरी, घरी गेल्यावर. आतेने पुन्हा टकटक केली, जरा जोरात. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर एका मोठ्या धबधब्याचं चित्र होतं. मी त्या धबधब्यातले दगड मोजत बसले. आतेने सही केली, पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र रेघ देत. साक्षीदार दोन हवे होते. एक मुंबईवाल्याबरोबर आलेला माणूस, दुसरी मी, मला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. मी इंग्रजीत सही केली. साहेब म्हणाले, "वा, अक्षर छान आहे मुलीचं." कचेरीतून बाहेर पडल्यावर बाबांनी आम्हाला खानावळीत नेलं. आतेने तिच्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून माझ्या भातावर ठेवली.

घरी आल्यावर मी तिच्या मशिनीत पर्समधला नवा सेल घातला. त्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, बाबा तिला निवांत सांगणार होते. मग मान्सून आला, घेणारा पावसाळाभर बागेकडे फिरकला नाही, माडांना पाणी घालायचं काम उरलं नाही, आणि मी बेळगावला गेले. कॉलेज मला आवडलं. हे लिहायला जड जातं, पण आवडलं. आईच्या पत्रांत आतेबद्दल एकच ओळ असायची, 'आते बरी आहे, तुझी आठवण काढते.'

मी दिवाळीला घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आते बागेतून धावत आली. नेहमी सावकाश चालणाऱ्या बाईला धावताना पाहिलं की आधी ओळखच पटत नाही. डोक्यावर काही नव्हतं, कोयता हातात तसाच उघडा. "रे, चल आधी! बागेक कोणी तार मारल्यानी! खांब पुरल्यानी! खोप मोडल्यानी माझी! चल मरे, चोर आसत थंय!" बाबा फराळाला बसले होते. त्यांनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि ते उठले नाहीत. आते त्यांचा दंड धरून ओढत होती. आई आत गेली आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि पेन्सिल घेऊन आली. बाबांनी त्या पानाच्या मागे लिहिलं. त्यांना लिहून सांगता येत होतं, हे मला त्या क्षणी फार विचित्र वाटलं. आतेने कागद दोन्ही हातांत धरला, बोट फिरवत, ओठ हलवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"मी इकलंय?" तिने विचारलं.

"सायबान तुका तीनदा इचारल्यान आक्का!" बाबा तिच्या कानाशी ओरडून म्हणाले. "तीनदा! तू मान हलवलंस!"

"माका ऐकूकच इला नाय रे."

"मगे मान कित्याक हलवलंस?"

आते जमिनीवर बसली. कितीतरी वेळ ती त्या कागदाच्या घड्या घालत होती आणि उलगडत होती. मग तिने खिशातून मशिनीची डबी बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून तिच्याकडे बघितलं. "त्या दिसा सेल मेललो होतो," ती म्हणाली. "मी बेबीक खूण केलंय. मेललोच होतो." आणि मग तिनेच बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाय रे. माझीच. सस्तो सेल तो. सस्त्या सेलाचा असाच." आई पटकन म्हणाली, "मी सांगतच होतंय, त्या जहाजवाल्या सेलाचा काय खरा नाय." बाबा म्हणाले, "होय. सेलच बेकार." ते माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

भाऊबीजेपर्यंत वाडीभर झालं, सस्त्या सेलापायी बाग गेली. सुलूकाकी, जिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, तीही तेच सांगत होती, आणि मला वाटतं तोवर तिचाही त्यावर विश्वास बसला होता. लोकांना ते पटायचं, कारण प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी जहाजवाला सेल फुटला होता. आते बागेच्या वाटेने गेली नाही. सकाळी पेज खाऊन ती भिंतीलगत बसायची. मशीन तिने काढून कोनाड्यात ठेवलं होतं. बागेतून आणलेले हिर संपेपर्यंत ती केरसुण्या बांधत राहिली, मग नुसतेच हात मांडीवर. माडांशी बोलायचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आईने बाजारात खलीलचाचांना चार माणसांत सुनावलं होतं. ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या सुट्टीचे दोन दिवस उरले होते तेव्हा, सकाळी दहाच्या सुमाराला, ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. कधी घरी आले नव्हते. टोपी नीट केलेली, हातात कागदाची पुडी. बाबा पडवीत होते, आई दारात आली. चाचांनी बाबांकडे बघितलंच नाही, ते भिंतीलगत बसलेल्या आतेसमोर उकिडवे बसले.

"बाय," ते म्हणाले, "माझ्या मालान तुझी बाग गेली म्हणतत. मी घराक जावन झोपूक नाय. ह्ये घे, बरे सेल आसत, पत्र्याचे. पैसे नको माका. आजपासून ता जहाज मी इकूचंय नाय." त्यांनी पुडी तिच्या पुढ्यात ठेवली. "माफी कर माका, बाय."

आते त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मशीन कोनाड्यात होतं, तिला एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. समोरचा माणूस आपल्याशी काहीतरी चांगलं बोलतोय एवढं तिला दिसलं. ती हसली, आणि तिने मान हलवली.

बाबांनी घसा खाकरला. मला वाटलं ते बोलतील. ते म्हणाले, "चाचा, बसा, चाय घेवा."

मी माजघरात गेले. स्टूल ओढलं, चढले, घड्याळ उतरवलं. ते बरोबर चालत होतं. उन्हाळ्यापासून एक मिनिट मागे पडलं नव्हतं, आई तसं कौतुकाने म्हणालीही होती. मी त्यातला सेल काढला. कागदावरचं जहाज अजून स्वच्छ होतं, बुडाला बुरशी नव्हती. कोनाड्यातलं मशीन घेतलं, अंगणात आले आणि सगळ्यांच्या समोर, आतेच्या पुढ्यात बसून, तो सेल डबीत घातला. गोळी तिच्या कानात बसवली. चाक फिरवलं. शीळ वाजली, मोठी, सरळ, पडवीतून अंगणभर. चाचांनी दचकून डबीकडे बघितलं. त्यांना जहाज दिसलं होतं.

"बेबी," बाबा म्हणाले. "आत जा."

आतेचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी चाक अजून थोडं फिरवलं. माझी मालवणी अजूनही पाहुण्यासारखीच होती, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"आते," मी म्हटलं, "सेल सस्तो म्हणान मेलो नाय. नवो सेल ह्यो होतो, तो मी घड्याळात घातलंय. आणि घड्याळातलो मेललो तुझ्या मशिनीत. मुद्दाम घातलंय, आते. मीच."